बाप्तिस्मा आणि आपले तारण

शास्त्रभाग : रोम. 6:1-11, प्रे. कृत्ये 10:34-48, 1 पेत्र 3:18-22
पाठांतरासाठी : गलती. 3:27

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. शब्बाथ शाळेत बाप्तिस्म्याचा धडा चालू होता. धडा संपत आला असता मागच्या बाकावरील दहा-अकरा वर्षांच्या एका मुलीने हात वर केला व विचारले, "सर, माझी आजी स्वर्गात गेली का? तिचा बाप्तिस्मा झाला नव्हता."

तिची आजी आम्हांला ठाऊक होती. आयुष्याची शेवटची दोन वर्षे ती मुलीकडे राहावयास आली होती. तिला वाचता येत नसे. रोज संध्याकाळी ही नात तिला शुभवर्तमानातील एक भाग वाचून दाखवी, आणि म्हातारी हात जोडून मोठ्याने येशूचे नाव घेऊन प्रार्थना करी. तिच्या मुलांचा, म्हणजे या मुलीच्या मामांचा, बाप्तिस्म्याला विरोध होता. फेब्रुवारी महिन्यात ती वारली.

त्या रविवारी आम्ही घाईने मार्काच्या शुभवर्तमानातील सोळाव्या अध्यायाचे सोळावे वचन काढले आणि वाचून दाखविले. विश्वास व बाप्तिस्मा ही दोन्ही तेथे तारणाशी जोडलेली आहेत, एवढेच सांगून आम्ही धडा आटोपला. मुलीने मान खाली घातली. पुढचे तीन रविवार ती शाळेत आली नाही.

तेव्हापासून हा विषय आम्ही पुन्हा नीट अभ्यासावयास घेतला. तोच अभ्यास येथे मांडीत आहोत. मंडळीतील वडीलधाऱ्यांना व शब्बाथ शाळेच्या शिक्षकांना तो उपयोगी पडावा अशी आशा आहे.

1. शब्द व त्याचा अर्थ

'बाप्तिस्मा' हा शब्द मराठी नाही. तो ग्रीक भाषेतून आला आणि आपल्या भाषांतरकारांनी तो तसाच ठेवला. आपले रोमन कॅथलिक बांधव 'स्नानसंस्कार' म्हणतात. मूळ क्रियापदाचा अर्थ बुडविणे, पाण्यात घालणे असा आहे. जुन्या कराराचे जे प्राचीन ग्रीक भाषांतर आहे, त्यात नामान कोडी यार्देनेत सात वेळा बुडाला, तेथे हाच शब्द योजिला आहे (2 राजे 5:14). मार्क 7:4 मध्ये हातपाय व भांडी धुण्याच्या संदर्भातही तो येतो. तेव्हा बुडणे व धुतले जाणे हे दोन्ही अर्थ या शब्दात आहेत.

नव्या करारात त्याला आणखी एक खोल अर्थ मिळाला. प्रभू येशूने आपल्या मरणालाच बाप्तिस्मा म्हटले (मार्क 10:38, लूक 12:50). यार्देनेत तो पापी लोकांच्या रांगेत उभा राहिला, आणि कालवरीवर त्याच पापी लोकांच्या जागी मरणात उतरला. म्हणून ख्रिस्ती बाप्तिस्म्याचा विचार यार्देनेपाशी सुरू झाला तरी तो वधस्तंभापाशी गेल्यावाचून पुरा होत नाही. पाण्याचे मोल त्या वधस्तंभामुळे आहे.

2. तारण कोण करतो?

या प्रश्नाचे उत्तर आधी पक्के केले पाहिजे, नाहीतर पुढचे सारे डळमळते. तारण देव करतो, ख्रिस्तामध्ये करतो व कृपेने करतो. आपण ते विश्वासाने स्वीकारतो (इफिस. 2:8-9). फिलिप्पैच्या बंदिशाळेच्या नायकाने तारणासाठी काय करावे असे विचारले, तेव्हा पौल व सीला यांनी त्याला प्रभू येशूवर विश्वास ठेवावयास सांगितले (प्रे. कृ. 16:30-31). त्याच रात्री त्याचा बाप्तिस्माही झाला, परंतु त्याच्या प्रश्नाला जे उत्तर मिळाले ते विश्वासाचे होते.

पेत्राने पन्नासाव्या दिवशी पश्चात्ताप, बाप्तिस्मा व पापांची क्षमा ही एका वाक्यात सांगितली (प्रे. कृ. 2:38). यावरून काही जण म्हणतात की क्षमा पाण्यातच मिळते. परंतु तोच पेत्र पुढच्या अध्यायात शलमोनाच्या देवडीत बोलताना पापे पुसली जाण्यासाठी पश्चात्ताप करून वळण्यास सांगतो, बाप्तिस्म्याचे नाव काढीत नाही (3:19). कर्नेल्याच्या घरी तो म्हणतो की जो कोणी येशूवर विश्वास ठेवतो त्याला त्याच्या नावाने क्षमा मिळते (10:43). एकाच प्रेषिताची ही तीन भाषणे एकत्र वाचली म्हणजे गोंधळ राहत नाही.

योहान 3:5 मध्ये पाणी व आत्मा यांपासून जन्मण्याविषयी प्रभू बोलला. तेथील पाणी म्हणजे बाप्तिस्मा असे पुष्कळ जुन्या शिक्षकांनी म्हटले. यहेज्केल 36:25-27 मधील शुद्ध करणाऱ्या पाण्याचा तो उल्लेख आहे असे इतर काहींचे मत आहे. कोणताही अर्थ घेतला तरी तीन वचने पुढे प्रभू वाऱ्याचे उदाहरण देतो. वारा पाहिजे तिकडे वाहतो. देवाचा आत्मा आपल्या विधींच्या दाराशी परवानगी मागत थांबत नाही.

3. मग बाप्तिस्मा कशासाठी?

कृपेने तारण, तर मग पाण्याची गरज काय, असा प्रश्न तरुण मंडळी हमखास विचारतात. शास्त्रातून निदान तीन उत्तरे मिळतात.

(अ) बाप्तिस्मा आपल्याला ख्रिस्ताच्या मरणाशी व पुनरुत्थानाशी जोडल्याचे चिन्ह आहे. रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायात पौल पुरण्याची भाषा वापरतो. माणूस मेला की त्याला मूठमाती देतात आणि मग तो परत घरी येत नाही. तसे जुन्या मनुष्याला पुरून आलो आहोत, आता त्याला घरात घेऊ नये, असा पौलाचा आग्रह आहे. कृपा वाढावी म्हणून पाप करीत राहावे काय, या प्रश्नाला तो बाप्तिस्म्याची आठवण देऊन उत्तर देतो. बाप्तिस्मा एका दिवशी होतो, पण त्याप्रमाणे चालणे रोजचे आहे.

(ब) बाप्तिस्मा शिक्का आहे. अब्राहामाने आधी विश्वास ठेवला, नंतर त्याची सुंता झाली. सुंता ही त्या विश्वासाच्या नीतिमत्त्वाचा शिक्का होती असे पौल लिहितो (रोम. 4:11). कलस्सै. 2:11-12 मध्ये तो सुंता व बाप्तिस्मा यांची सांगड घालतो. कोऱ्या कागदावर शिक्का मारला तर त्याला काही किंमत नाही. परंतु ज्या कागदावर वचन लिहिले आहे त्यावर शिक्का बसला म्हणजे तो जवळ बाळगणाऱ्याचा जीव निर्धास्त होतो. देवाचे वचन आधीच खरे असते. शिक्का आपल्या दुबळ्या मनासाठी आहे. मार्टिन लूथरला सैतानाने आपल्या पापांची यादी दाखवून छळले म्हणजे तो आपल्या बाप्तिस्म्याची आठवण धरी. 1529 मधील आपल्या मोठ्या प्रश्नोत्तरावलीत त्याने इतरांनाही तोच उपाय सांगितला.

(क) बाप्तिस्मा एका शरीरात प्रवेश आहे. गलती. 3:27-28 ही दोन वचने एकत्र वाचावीत. ख्रिस्ताला पांघरले, आणि म्हणून यहूदी-हेल्लेणी, दास-स्वतंत्र, पुरुष-स्त्री हे भेद उरले नाहीत. आपल्या देशात या वचनाचा अर्थ फोड करून सांगावा लागत नाही. एका पाण्यात उतरलेल्यांनी लग्न ठरविताना पूर्वीची जात विचारावी, ही गोष्ट अजूनही आपल्या मंडळ्यांतून गेलेली नाही. आम्ही हे दुसऱ्यांवर बोट दाखवून लिहीत नाही, आपल्या घरांविषयी लिहीत आहोत. ज्या घरात असे विचारले जाते त्या घराने आपल्या बाप्तिस्म्याचा अर्धा भाग कोरडाच ठेवला आहे.

4. दोन चुका

पहिली चूक म्हणजे पाण्यावरच भिस्त ठेवणे. शोमरोनात शिमोन नावाच्या जादूगाराचा बाप्तिस्मा झाला होता, तरी पेत्राने त्याला तोंडावर सांगितले की त्याचे अंतःकरण देवासमोर नीट नाही (प्रे. कृ. 8:13-23). करिंथकरांस लिहिताना पौल म्हणतो की मिसरातून निघालेल्या सर्वांचा मेघात व समुद्रात बाप्तिस्मा झाला, तरी त्यांतले बहुतेक रानात पडले (1 करिंथ. 10:1-5). पेत्रही बाप्तिस्म्याने तारण होते असे म्हणतो, आणि लगेच पुढे स्पष्ट करतो की अंगाचा मळ जाणे हा त्याचा अर्थ नव्हे, तर चांगल्या विवेकभावाने देवाकडे वळणे हा आहे, आणि ते येशूच्या पुनरुत्थानाच्या द्वारे घडते (1 पेत्र 3:21).

याचे आपल्या भाषेतील बोलके उदाहरण पंडिता रमाबाईंचे आहे. 1883 साली इंग्लंडमधील वाँटेज येथे त्यांचा व त्यांची लहान मुलगी मनोरमा हिचा बाप्तिस्मा झाला. तो त्यांनी विचार करून, वादविवाद करून घेतला होता. तरी 1907 मध्ये लिहिलेल्या आपल्या साक्षीत त्या प्रांजळपणे सांगतात की बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी त्यांना उमगले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला आहे, पण त्या धर्माचे जीवन जो ख्रिस्त तो अजून मिळालेला नाही. मग त्या त्याला शरण गेल्या. केडगावच्या मुक्ती मिशनमागे जी शक्ती होती ती या शरण जाण्यात होती. रमाबाईंसारख्या विदुषीला जर हे तपासून पाहावे लागले, तर पाळण्यात असताना ज्यांच्या कपाळावर पाणी पडले त्या आपल्याला किती तरी अधिक तपासावे लागेल.

दुसरी चूक याच्या उलट आहे. मनात विश्वास आहे ना, मग पाणी कशाला, असे म्हणून बाप्तिस्मा क्षुल्लक मानणे. कैसरियात कर्नेल्याच्या घरी लोकांवर पवित्र आत्मा आधीच उतरला होता. आता पाण्याची काय गरज, असे पेत्र म्हणाला असता तर ते तर्काला धरून दिसले असते. पण त्याने उलटच केले. ज्यांना आत्मा मिळाला त्यांना पाणी कोण मना करील असे विचारून त्याने बाप्तिस्म्याची आज्ञा केली (प्रे. कृ. 10:44-48). तारण मिळाले म्हणून आज्ञा मोडण्याची मोकळीक मिळत नाही. मत्तय 28:19 ही पुनरुत्थित प्रभूची आज्ञा आहे.

आमच्या पूर्वजांनी या आज्ञेची किंमत मोजली. बाबा पदमनजी 1831 मध्ये बेळगावी जन्मले आणि 1854 मध्ये बेळगावातच त्यांचा बाप्तिस्मा झाला. ख्रिस्ताकडे मन वळल्यावरही आईबाप, घर व जात यांच्या ओढीमुळे त्यांची कशी घालमेल झाली ते त्यांनी 'अरुणोदय' या आत्मचरित्रात सांगितले आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा 1895 साली मुंबईस झाला आणि त्यांचा संसार दुभंगला. लक्ष्मीबाई काही वर्षे वेगळ्या राहिल्या. पुढे त्या पतीकडे आल्या, पण बाप्तिस्मा त्यांनी स्वतःच्या मनाची खात्री झाल्यावरच घेतला. टिळकांनी वाट पाहिली. विश्वास कोणावर लादता येत नाही, हा धडा 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला आपोआप मिळतो.

5. ज्यांना बाप्तिस्मा मिळाला नाही त्यांचे काय?

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. मार्क 16:16 आम्ही वाचून दाखविले, पण नीट वाचले नव्हते. त्या वचनाच्या उत्तरार्धात शिक्षेचे कारण म्हणून अविश्वास एवढेच सांगितले आहे. बाप्तिस्मा न मिळाल्याबद्दल शिक्षा होईल असे तेथे लिहिलेले नाही.

वधस्तंभावरच्या अपराध्याला पाण्यापर्यंत जाणे शक्य नव्हते. त्याचे हात खिळलेले होते. त्याच्याजवळ फक्त एक विनंती होती, आणि प्रभूने त्याला त्याच दिवशी सुखलोकाचे अभिवचन दिले (लूक 23:39-43). प्राचीन मंडळीनेही हे ओळखले होते. बाप्तिस्म्याची तयारी करीत असता जे छळात मारले गेले, त्यांच्या रक्तसाक्षीलाच तिने बाप्तिस्मा मानले. 392 साली तरुण रोमी सम्राट दुसरा व्हॅलेंटिनियन बाप्तिस्म्याची इच्छा व्यक्त करून तो होण्याआधीच मरण पावला. त्याच्या बहिणी शोकात होत्या. मिलानचा अध्यक्ष अम्ब्रोस याने अंत्यविधीच्या प्रवचनात त्यांना धीर दिला, की ज्याची त्याने मागणी केली ते त्याला देवाने दिले आहे. हाच अम्ब्रोस बाप्तिस्म्याविषयी अत्यंत कडक होता हे ध्यानात घ्यावे.

तेव्हा भेद असा करावा : बाप्तिस्मा न मिळणे निराळे आणि बाप्तिस्मा तुच्छ मानणे निराळे. प्रभूने आपल्याला आज्ञेने बांधले आहे. त्याने स्वतःचे हात बांधून घेतलेले नाहीत.

मनाने ख्रिस्ताचे, परंतु घरच्या अडचणींमुळे बाप्तिस्मा न घेतलेले लोक इंदूर-ग्वाल्हेरपासून बेळगाव-हैदराबादपर्यंत आपल्या सर्वांच्या ओळखीत असतील. टिळकांनी 1917 साली 'देवाचा दरबार' उभा केला तो बाप्तिस्मा झालेल्या व न झालेल्या अशा दोन्ही प्रकारच्या ख्रिस्तशिष्यांसाठी होता. त्यांच्या सर्व कल्पना सर्वांना पटल्या नाहीत, तरी त्यांनी या लोकांना वाऱ्यावर सोडले नाही. आज मध्य प्रदेश व गुजरात यांसारख्या राज्यांत धर्मांतराविषयी कायदे आहेत आणि त्यांत जिल्हाधिकाऱ्यांस कळविण्याच्या अटी आहेत. पाळकांनी त्यांची नीट माहिती ठेवावी, कोणालाही आमिष वा दडपण नसल्याची खात्री करावी, आणि वाट पाहणाऱ्या माणसाला मात्र एकटे पडू देऊ नये.

येथे एक गोष्ट कबूल केली पाहिजे. त्या आजीने नाताळच्या सुमारास आम्हांला विचारले होते, "मला कधी घालणार पाण्यात?" मुलांचा विरोध होता, पण तिचा निर्धार होता. तयारीचा वर्ग पुरा होऊ द्या, ईस्टरला पाहू, असे आम्ही म्हटले. तिला वाचता येत नव्हते म्हणून वर्ग रेंगाळला होता. कूशी देशाच्या अधिकाऱ्याने वाटेत पाणी पाहून काय हरकत आहे असे विचारले, तेव्हा फिलिप्पाने त्याला पुढच्या सणाची तारीख दिली नाही (प्रे. कृ. 8:36-38). तयारी हवीच. प्राचीन मंडळीतही ती दीर्घ काळ चाले. परंतु तयारी माणसासाठी असते. त्या आजीच्या बाबतीत बाप्तिस्म्याला उशीर झाला तो तिच्यामुळे नव्हे, आमच्यामुळे झाला.

6. बालकांचा बाप्तिस्मा

या प्रश्नावर ख्रिस्ती मंडळ्यांत मतभेद आहेत. बालकांना बाप्तिस्मा देणारे सुंतेचा करार, लुदिया व बंदिशाळेचा नायक यांच्या घराण्यांचे बाप्तिस्मे (प्रे. कृ. 16:15, 33) आणि मागण्याआधी येणारी देवाची कृपा यांवर भर देतात. केवळ विश्वास कबूल करणाऱ्यांनाच बाप्तिस्मा देणारे म्हणतात की नव्या करारात विश्वास आधी व पाणी नंतर असा क्रम आहे. या वादापायी 1527 साली झुरिकमध्ये फेलिक्स मान्झ याला लिमाट नदीत बुडवून मारण्यात आले. ख्रिस्ती माणसांनी ख्रिस्ती माणसाला बाप्तिस्म्यावरून पाण्यात बुडवावे, याहून लाजिरवाणे काय असेल?

29 नोव्हेंबर 1970 रोजी नागपूर येथे उत्तर भारतीय मंडळी स्थापन झाली. तिच्यात अँग्लिकन व प्रेस्बिटेरियन परंपरेच्या मंडळ्यांबरोबर बाप्टिस्ट व ब्रदरेन मंडळ्याही आल्या, आणि दोन्ही प्रथा शेजारी शेजारी मान्य झाल्या. बालपणी बाप्तिस्मा झालेल्याने पुढे स्वतःच्या तोंडाने विश्वास कबूल करावयाचा. बालपणी समर्पण झालेल्याने पुढे बाप्तिस्मा घ्यावयाचा. दोन्ही वाटा एकाच ठिकाणी पोहोचतात, ते म्हणजे स्वतःचा विश्वास. अडचण येते ती मूल त्या ठिकाणी पोहोचलेच नाही आणि घरच्यांना त्याची खंतही वाटली नाही तेव्हा.

7. शिक्षकांसाठी सूचना

मुलांना बाप्तिस्म्याची तारीख विचारून धड्याची सुरुवात करावी. पुष्कळांना ती ठाऊक नसते. घरी जाऊन विचारावयास सांगावे. वर्गात बाप्तिस्मा न झालेली मुले असतील तर त्यांना वेगळे पाडू नये. एखाद्या मुलाने मरण पावलेल्या आप्ताविषयी विचारले तर वचन काढण्याची घाई करू नये. आधी त्या माणसाविषयी त्याला बोलू द्यावे. न्याय देवाकडे आहे आणि तो देव ख्रिस्तामध्ये कसा प्रगट झाला, एवढे सांगावे. जे आपल्याला सांगितलेले नाही ते ठामपणे सांगू नये.

चौथ्या रविवारी आम्ही त्या मुलीच्या घरी गेलो. लूकचा तेविसावा अध्याय तिनेच वाचला, जसा ती आजीला वाचून दाखवीत असे. वाचून झाल्यावर आम्ही तिला सांगितले की त्या दिवशी आमचे उत्तर अपुरे होते, आणि आजी ज्याला रोज हाक मारीत होती त्याच्या हाती आपण तिला निर्धास्तपणे सोपवू या. ती काही बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र ती शाळेत आली आणि आपल्या नेहमीच्या बाकावर बसली. पाच वर्षांनी तिने मंडळीपुढे आपला विश्वास कबूल केला.

वाचकहो, आपला बाप्तिस्मा झाला असेल तर त्याप्रमाणे आपण चालत आहोत काय हे तपासू या. झाला नसेल व मनात विश्वास असेल तर उशीर करू नका. आणि कोणी दाराशी वाट पाहत असेल तर आपल्यामुळे त्याला उशीर होऊ नये.

चर्चेसाठी प्रश्न

1. कर्नेल्याला पवित्र आत्मा मिळाल्यावरही पेत्राने बाप्तिस्म्याची आज्ञा का केली?
2. शिमोन जादूगार व वधस्तंभावरील अपराधी यांची तुलना करा. एकाजवळ काय होते व दुसऱ्याजवळ काय नव्हते?
3. गलती. 3:27-28 प्रमाणे आपल्या मंडळीत कोणता भेद अजून उरला आहे? तो दूर करण्यासाठी आपण या वर्षी काय करू?
4. बाप्तिस्म्याची वाट पाहणारे कोणी आपल्या ओळखीत आहे काय? त्यांच्या घरी आपण शेवटचे केव्हा गेलो होतो?

प्रार्थना : हे प्रभू येशू, तू आमच्यासाठी मरणाच्या पाण्यात उतरलास. ज्या दिवशी आम्ही तुझ्या नावात पाणी घेतले त्या दिवसाची आम्हांला लाज वाटू देऊ नको व गर्वही होऊ देऊ नको. जे तुझ्याकडे येऊ पाहतात त्यांच्या वाटेत आम्ही धोंडा होऊ नये असे कर. आमेन.